ज्याचा फॉर्म, त्याचं बोट

फॉर्म भरून झाला की ती माउसवरचा हात काढून घ्यायची. दोन्ही हात मांडीवर ठेवायची, खुर्ची वीतभर मागे सरकवायची आणि समोर बसलेल्याला म्हणायची, "आता मोठ्याने वाच. पहिल्यापासून."

समोरचा बहुधा बारावी झालेला, तराना नाहीतर घट्टियाहून सकाळच्या बसने आलेला असे. पाठीमागच्या रांगेत आठ-दहा जण. त्यांच्या देखत स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दहावीचे गुण हे सगळं मोठ्याने वाचायचं म्हणजे संकोच वाटणारच. तो पुटपुटायचा. ती म्हणायची, "आवाज नहीं आया." मग तो वाचायचा. शेवटी पडद्याच्या तळाशी एक हिरवं बटण उरायचं. ते बटण ती कधीच दाबत नसे. माउस त्याच्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "जिसका फॉर्म, उसकी उँगली." मराठी घरातलं कुणी असलं तर तेच मराठीत, "ज्याचा फॉर्म, त्याचं बोट."

एकाने एकदा विचारलं, दीदी, तुम्हीच दाबा ना, काय फरक पडतो? ती म्हणाली, "सबमिट झाल्यावर महाकालसुद्धा एडिट करत नाहीत. मग मला शिव्या देशील."

मध्य प्रदेशातल्या आमच्या या महाकालाच्या शहरात टावर चौकातून आत वळलं की तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी हे दुकान होतं. अशी दुकानं तुम्ही पाहिली असतील. दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन, पासपोर्ट फोटोसाठी भिंतीला लावलेला निळा पडदा आणि बाहेर 'सभी ऑनलाइन फॉर्म भरे जाते हैं' अशी पाटी. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका हिंदी दैनिकाचं कार्यालय होतं आणि तिथे मी उपसंपादक होतो. आमचा जिना तिच्या खुर्चीमागून जायचा. सात वर्षं मी रोज तिच्या पाठीमागून वर गेलो आणि रोज कुणाचं ना कुणाचं तरी आयुष्य मोठ्याने वाचलेलं ऐकलं.

आमची ओळख एका चुकीमुळे झाली. भरतीच्या एका बातमीत आम्ही बावीस पदांऐवजी बत्तीस छापली होती. सकाळी अकराला ती अंक हातात घेऊन वर आली. कार्यालयात मी एकटाच होतो. तिने अंक टेबलावर ठेवला, आकड्यावर नख टेकवलं आणि मी मराठी आहे हे तिला कुठून तरी माहीत असावं, कारण ती सरळ मराठीत म्हणाली, "काका, दहा पोरं जास्तीची आशा लावून बसली आहेत. उद्या काढा ना हे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सुधारणा छापली. आमच्या कामात तेवढी सोय असते. तिच्या कामात नव्हती.

तिची स्वतःची कागदपत्रं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये होती आणि ती फाईल दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. बारावी, प्रथम श्रेणी. त्यानंतर आयटीआयमधून संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड. देवास गेटजवळच्या क्लासमधलं हिंदी टायपिंग. मागाहून घरी बसून केलेलं बी.ए. आयटीआयचा निकाल लागल्यावर नोकरी लागेपर्यंतचे दोन-तीन महिने काढायला म्हणून ती या दुकानात बसली होती. मालकाला तिने सांगितलं होतं, "अभी तो बैठ रही हूँ, भैया, पक्का मत समझना." मालकाने पक्कं समजलं नाही आणि ती उठली नाही.

या काळात तिने स्वतःचेही फॉर्म भरले. पटवारी, वनरक्षक, पर्यवेक्षिका, लिपिक. वनरक्षकाला उंची दोन सेंटिमीटर कमी पडली. पटवारीच्या यादीत तिच्या आधी पुष्कळ जण होते. मात्र तिने ज्यांचे फॉर्म भरले त्यांच्यापैकी काही लागत गेले. लागलेला मुलगा पेढे घेऊन दुकानात यायचा. ती डबा उघडून रांगेतल्या प्रत्येकाला द्यायची आणि एक कागदात गुंडाळून माझ्यासाठी वर आणायची. "घ्या काका, पटवारीचा पेढा." कधी वनरक्षकाचा, कधी शिपायाचा. एकदा म्हणाली, जेल प्रहरीचा आहे, जरा कडक लागेल.

तिचे वडील पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतरही सगळे त्यांना बडे बाबूच म्हणत. त्यांच्या घराण्यातला कुणी मूळपुरुष सरदारांबरोबर इकडे आला आणि दरबारच्या दफ्तरात लेखणी धरून बसला. तेव्हापासून घरात प्रत्येक पिढीत एक तरी सरकारी कारकून होता. मराठी मंडळींच्या गणपतीत ते पहिल्या रांगेत बसत, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "तयारी चालू आहे."

आमच्या भागात या तीन शब्दांवर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. घरात कुणी आजारी असलं की जसं फार खोलात शिरत नाहीत, तसंच हे. ती दुकानात बसते हे गणपतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. निम्म्यांच्या मुलांचे फॉर्म तिनेच भरले होते. पण बडे बाबूंसमोर कुणी दुकानाचं नाव काढत नसे, आणि ते स्वतः सात वर्षांत त्या गल्लीत आले नाहीत. टावरला भाजी घ्यायला आले तरी पलीकडच्या बाजूने जात.

मला ती एकदा म्हणाली होती की तिला पगाराचं, पेन्शनचं फारसं काही नाही. गणपतीत बायका विचारतात, "काय करतेस गं सध्या?" त्याला एका शब्दात उत्तर देता यावं, एवढंच तिला हवं होतं. "सध्यापासून सुरू केलं ना काका, की वाक्य लांबतच जातं."

नोव्हेंबरात दुकानाची गर्दी बदलायची. मुलं कमी आणि म्हातारे जास्त. पेन्शन चालू राहायला दर वर्षी जिवंत असल्याचं प्रमाण द्यावं लागतं. काडेपेटीएवढं एक मशीन असतं, त्याच्या काचेवर बोट ठेवायचं, ठसा जुळला की हिरवा दिवा लागतो. अडचण अशी की म्हातारपणी बोटं झिजतात. कुणाची खडूने, कुणाची भांड्यांनी, कुणाची नुसत्या वयाने. मशीन म्हणतं, ही व्यक्ती ती नव्हे. बँकेत एकदोनदा नकार आला की म्हातारी माणसं घाबरतात. दहा वेळा तेच बोट जोराने दाबत राहतात.

तिला बोटं पाठ होती. एक म्हातारे मास्तर आत आले की खुर्चीवर बसायच्या आधीच सांगायची, अंगठा नको, मधलं बोट. एका निवृत्त कंपाउंडरची फक्त डाव्या हाताची करंगळी चालायची. एका आजीला नळावर हात धुवायला पाठवायची आणि स्वतःच्या ओढणीने पुसून द्यायची. आजी म्हणायच्या, माझ्या सुनेला माझी औषधं माहीत नाहीत आणि हिला बोट माहीत आहे.

वडिलांचं प्रमाण मात्र ती घरी करायची. रविवारी मशीन टॉवेलात गुंडाळून स्कूटीच्या डिक्कीत ठेवायची आणि सोमवारी परत आणायची. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "बाबांना गर्दी चालत नाही."

मग जिल्हा कार्यालयांतल्या लिपिकांची भरती निघाली. बऱ्याच वर्षांनी निघाली होती. बारावी, संगणकाचा दाखला आणि हिंदी टायपिंग. तिची फाईल समोर ठेवूनच कुणीतरी जाहिरात लिहिली असावी असं वाटत होतं. लेखी परीक्षेची तिला चिंता नव्हती, टायपिंगची तर मुळीच नाही. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने ती मिनिटाला चाळीस शब्द टाइप करत असे, खाली न बघता आणि समोरच्याशी बोलत.

फॉर्ममध्ये एक रकाना कळफलकाचा होता. टायपिंगची परीक्षा जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने देणार की संगणकाच्या नव्या पद्धतीने? दोन्हींत अक्षरांच्या जागा पूर्ण वेगळ्या. रकान्यात नवी पद्धत आधीपासून निवडलेली असायची. ज्याला जुनी हवी त्याने ती बदलून घ्यायची. देवास गेटच्या क्लासमध्ये शिकलेली सगळी मुलं जुन्या पद्धतीची. त्यामुळे ती त्या रकान्याशी आली की थांबायची, बोटाने काचेवर टकटक करायची आणि म्हणायची, "ये वाला ज़ोर से पढ़." त्या महिन्यात तिने तो रकाना कितीतरी मुलांसाठी बदलला.

शेवटच्या दिवशी पाचला पोर्टल बंद होणार होतं. सकाळपासून सर्व्हर चालू-बंद होत होता आणि रांग रस्त्यापर्यंत गेली होती. माझ्या मुलीलाही ऐन वेळी फॉर्म भरायचं सुचलं. मी तिला घेऊन खाली आलो. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. रांगेत आम्ही शेवटचे. तिने माझ्या मुलीचा फॉर्म भरला, फोटो दोनदा कापला, आणि मुलीने वाचताना एक ओळ गाळली म्हणून तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मुलीने बटण दाबलं. आम्ही चौकात जाऊन कचोरी खाल्ली. दुकानातून निघताना मी तिला विचारलं होतं, तुझा स्वतःचा झाला ना? ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "आता भरते. मला किती वेळ लागतो?"

परीक्षेचं केंद्र इंदूरला होतं. तिच्या हिशेबाने प्रवेशपत्राच्या दोन झेरॉक्स काढायच्या असत, एक पर्समध्ये आणि एक चिंतामण गणपतीला. तशा काढल्या. प्रवेशपत्रावर नाव, क्रमांक, वेळ, सगळं होतं. कळफलक कोणता निवडला ते त्यावर छापत नाहीत. लेखीला ती चांगल्या गुणांनी पार झाली आणि काही आठवड्यांनी टायपिंगला गेली. वडील सोबत होते. केंद्राच्या फाटकासमोर रसवंतीच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले.

आत काय झालं ते तिने मला दोन दिवसांनी सांगितलं. तिने पहिला शब्द टाइप केला आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी उमटलं. तिला वाटलं, संगणक बिघडला. हात वर केला. पर्यवेक्षकाने तिच्या अर्जाची प्रत उघडून दाखवली. कळफलक: नवा. अर्जदाराची निवड.

"अर्जदाराची निवड," तिने पुन्हा म्हटलं. "काका, बरोबर आहे त्यांचं. मी सगळ्यांना वाचायला लावते. माझं ऐकायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मी वाचलंच नाही. बटण दाबून टाकलं."

मी शेवटच्या दिवशीच्या त्या चाळीस मिनिटांचा विषय काढला. आम्ही ऐन वेळी आलो नसतो तर, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "दिवसभर रांग होती. तुमची मुलगी शेवटी होती, म्हणून ती तेवढी तुम्हाला दिसली."

त्या दिवशी नव्या कळफलकावर तिने एक-एक अक्षर शोधत मिनिटाला अकरा शब्द टाइप केले. तीस हवे होते. वेळ संपेपर्यंत ती उठली नाही. बाहेर आल्यावर वडिलांना तिने तिथेच, फाटकाशीच सांगितलं. परतीच्या बसमधून देवास गेटला उतरल्यावर ते म्हणाले, "जगाचे फॉर्म भरताना नाही चुकलीस कधी." नंतर आठवड्याभराने म्हणाले की आणखी एक भरती बघू. नाही जमलं तर पुण्याला मामाच्या कंपनीत टेलिफोनवर बसायला जा. गणपतीत मात्र त्यांचं उत्तर बदललं नाही. तयारी चालू होती.

या प्रकारानंतर ती दुकान सोडेल असं मालकाला वाटलं होतं. ती दुसऱ्या दिवशी दहाला आली. फक्त एक कागद लिहून तिने दोन्ही मॉनिटरांच्या वर चिकटवला, 'ज़ोर से पढ़ें. अकेले हों तब भी.'

मग तिने नवी पद्धत शिकायला घेतली. जुनी येत नसती तर ती लवकर शिकली असती. इतक्या वर्षांची सवय बोटांतून काढायची होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने नवा कळफलक काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ड्रॉवर उघडा असायचा आणि तिची बोटं कागदावर चालायची. दुकानातल्या संगणकावर सराव करायला वेळ मिळत नसे. मी तिला आमचा एक संगणक सुचवला. आमचं कामकाज बाराला सुरू व्हायचं. त्याआधी तासभर, खाली मालकाला बसवून, ती वर येऊन बसू लागली.

सरावाला काय टाइप करतेस म्हणून मी पाहिलं, तर आदल्या दिवशीच्या अंकातल्या उठावन्याच्या जाहिराती. कुणी वारलं की तिसऱ्या दिवशी सांत्वनाला जमतात, तो उठावना, आणि इथल्या कुठल्याही दैनिकाचं एक पान त्या जाहिरातींनी भरलेलं असतं. मी म्हटलं, सकाळी सकाळी हे काय? ती म्हणाली, "सगळी अवघड अक्षरं एका जागी मिळतात काका. स्वर्गवास, शोकाकुल, श्रद्धांजलि. बातमीत तुम्ही सोपं लिहिता." महिन्याभरात तिला शहरातली निम्मी नाती पाठ झाली. कोण कुणाचे काका आणि कुणाचे सासरे हे ती टाइप करता करता सांगायची. एखाद्या उठावन्यात नातवाचं नाव राहिलं असलं तर म्हणायची, घरात भांडण आहे.

जाताना ती संगणक पुन्हा जुन्या पद्धतीवर आणून ठेवायची. एकदाच विसरली. आमचे ज्येष्ठ वार्ताहर न बघता टाइप करत. त्यांनी मंत्र्यांच्या दौऱ्याचा अख्खा परिच्छेद टाइप करून वर पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. मग मला हाक मारून शांतपणे म्हणाले, "देखिए, मुझे कुछ हो गया है क्या?" तिने दुसऱ्या दिवशी त्यांना पोहे आणून दिले. त्यांनी ते खाल्ले आणि तेव्हापासून टाइप करायच्या आधी एक अक्षर उमटवून बघायची सवय लावून घेतली.

पुढची भरती निघायला पावणेदोन वर्षं लागली. या वेळी तिने शेवटच्या दिवसाची वाट पाहिली नाही. पहिल्याच दिवशी, सकाळी साडेदहाला, ती आमच्या संगणकावर फॉर्म भरून बसली आणि मला म्हणाली, "काका, पाच मिनिटं आहेत का? फक्त ऐकायचं आहे."

मी खुर्ची ओढली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. स्वतःचं नाव. वडिलांचं नाव, तिथे आवाज थोडा नीट केला. आईचं नाव. जन्मतारीख. मूळ निवासी, मध्य प्रदेश. बारावीचे गुण, आयटीआयचे गुण. कळफलक. ती थांबली, काचेवर बोटाने टकटक केली आणि पुन्हा वाचलं, कळफलक नवा. मग पुढची ओळ आली. अनुभव.

"अनुभव, निरंक," तिने वाचलं आणि ती पुढे गेली.

मी तिला थांबवलं. म्हटलं, निरंक कसा? ती वळून माझ्याकडे बघून हसली. "दुकानाचा दाखला धरत नाहीत हो काका. नोंदणी केलेली संस्था लागते."

माझ्या कामात वाक्य चुकीचं असलं तर ते खोडायचा अधिकार मला होता. हे वाक्य नियमाने बरोबर होतं. मी म्हटलं, पुढे वाच.

वाचून झालं. खाली हिरवं बटण उरलं. तिने माउस धरला आणि सोडला. मग तो माझ्याकडे सरकवला. "तुम्ही दाबा ना या वेळी."

मी हात मांडीवरच ठेवले. "ज्याचा फॉर्म," मी म्हटलं.

"हो हो," ती म्हणाली, आणि तिने दाबलं.

निकाल लागायला आणखी आठ महिने गेले. त्या दुपारी मी अंकाचं पान लावत होतो. जिन्यावर तिची पावलं वाजली. ती आत आली, कागदाची पुडी माझ्यासमोर ठेवली. मग एका श्वासात म्हणाली, "लिपिकाचा पेढा."

नेमणूक झाबुआकडच्या एका तहसिलीत झाली, बसने जवळजवळ अख्खा दिवस. देवास गेटला तिला पोचवायला बडे बाबू गेले होते आणि ट्रंक त्यांनी हमालाला उचलू दिली नाही, हे मला मालकाने सांगितलं. तिचा अधूनमधून फोन यायचा. तिथल्या लोकांना ती अर्ज वाचून दाखवायला लावते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, लावते, पण आता मॅडम म्हणतात आणि लगेच वाचतात, मजा नाही येत.

तिच्या जागी तरान्याची एक मुलगी आली. तिला दीदीने पंधरा दिवस शेजारी बसवून शिकवलं होतं. मॉनिटरवरचा कागद तसाच होता. मी त्याच वर्षी निवृत्त झालो आणि नोव्हेंबरात पीएफच्या पेन्शनसाठी माझं जिवंत असल्याचं प्रमाण द्यायला पहिल्यांदा त्या दुकानात रांगेत बसलो. माझा अंगठा पहिल्या झटक्यात जुळला. पावती घेत होतो तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरा सदरा दिसला.

बडे बाबू दाराशी थांबले. पाटी वाचली. मला पाहिल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि विचारण्याआधीच म्हणाले, "बँकेतलं मशीन घेत नाही." रांगेतल्या मुलांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. ते खुर्चीवर बसले, काठी मांडीला टेकवली. तरान्याच्या मुलीने माहिती भरली आणि म्हणाली, "अंकल, ज़ोर से पढ़िए."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाने स्वतःचं नाव, जन्मतारीख, विभाग, निवृत्तीचा दिनांक स्वच्छ आवाजात वाचला. मग बोट ठेवलं. उजवा अंगठा, नकार. डावा अंगठा, नकार. तर्जनी, नकार. पुन्हा अंगठा, जोराने. त्यांच्या कपाळावर घाम आला.

मुलीने ड्रॉवर उघडला. आतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला आणि त्यावर बोट फिरवत खाली गेली. अक्षर मी लांबूनही ओळखलं. मास्तर, मधलं बोट. कंपाउंडर, डावी करंगळी. आजी, हात धुवून. अशी पानभर नावं होती. मुलगी शेवटच्या ओळीशी थांबली. तिने बडे बाबूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या नावाकडे.

"आप दीदी के पिताजी हैं?"

ते म्हणाले, "हो." मग सावरून, "जी."

तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवला. त्या दुकानात जे समोर येईल ते मोठ्याने वाचायचं असतं असा त्यांचा समज झाला असावा, कारण त्यांनी ती ओळही मोठ्याने वाचली.

"मेरे बाबा. आएँगे नहीं. आ जाएँ तो दाहिने हाथ की अनामिका. पहले हाथ पोंछ देना, मना करेंगे."

मुलगी ओढणीचं टोक घेऊन पुढे झाली. त्यांनी हात पुढे केला आणि पुसू दिला. मग अनामिका काचेवर ठेवली. हिरवा दिवा लागला.

पडद्यावर खाली बटण आलं. मुलीने माउस त्यांच्याकडे सरकवला, पण काही बोलायची वेळ आली नाही. त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, "ती कुठल्या खुर्चीवर बसायची?"

मुलगी उठून उभी राहिली. ते बसले नाहीत. खिशातून रुमाल काढला, खुर्चीची पाठ एकदा पुसली, घडी घालून रुमाल खिशात ठेवला आणि टावरकडे, या गल्लीतूनच, चालत गेले.